मृत्युपत्र: "सर्व काही पत्नीस" एवढं लिहून भागतं का?

सायंफेरी

नमस्कार मंडळी. वय ६३, निवृत्त. गेल्या तीन महिन्यांत मृत्युपत्राचे चार मसुदे लिहिले आणि चारही फाडले. पाचवा समोर आहे. तोही फाडण्याआधी इथे विचारून घेतो.

घरात आम्ही चौघं: मी, बायको, माझी आई आणि मुलगा. आई ८६ वर्षांची आहे. मुलगी लग्न होऊन दुसऱ्या शहरात असते, नोकरी करते, तिला एक लेक आहे. मुलगा २९ वर्षांचा. त्याला बौद्धिक दिव्यांगत्व आहे, रीतसर प्रमाणपत्र आहे. स्वतःचं स्वतः आवरतो, घड्याळ कळतं, रात्री घरभर फिरून दिव्यांची बटणं तपासल्याशिवाय झोपत नाही. पैसा मात्र कळत नाही. नोटा मोजतो, पण किती झाल्या याच्याशी त्याला देणंघेणं नसतं.

आणि त्याला सही येते. शाळेतल्या बाईंनी दोन वर्षं खपून शिकवली. ही त्याची सगळ्यात मोठी कमाई. कुणीही कागद पुढे केला की तो सही करतो. मागच्या महिन्यात मी आंघोळीला गेलो असताना कुरिअरवाला आला. बाहेर येऊन बघतो तर चिरंजीव दारात उभे, जीभ किंचित बाहेर काढून, पावतीच्या एवढ्याशा चौकटीत पूर्ण नाव लिहितायत. वडिलांच्या नावापर्यंत चौकट संपली. मग आडनाव त्याने खालच्या रकान्यात, दुसऱ्याच कुणाच्या तरी पाकिटासमोर लिहून टाकलं. कुरिअरवाला हसला, मलाही हसू आलं. त्या रात्री झोप काही लागली नाही.

तर माझा मसुदा असा:

"माझ्या पश्चात माझी सर्व स्थावर व जंगम मालमत्ता माझ्या पत्नीस मिळावी. तिच्या पश्चात ती माझ्या मुलास मिळावी. मुलाचा सांभाळ माझ्या मुलीने करावा. माझ्या आईची देखभाल पत्नीने पूर्वीप्रमाणे करावी."

मालमत्ता म्हणाल तर राहता फ्लॅट (माझ्या आणि बायकोच्या नावावर), ठेवी, थोडे म्युच्युअल फंड, विम्याची एक पॉलिसी. सगळं स्वकष्टार्जित. वडिलोपार्जित काही नाही, कर्जही नाही.

एक जुना सहकारी म्हणतो, सगळीकडे नॉमिनी लावलेत ना, मग विल कशाला? धाकटा भाऊ म्हणतो, आपल्यात कोण भांडणार आहे? भाऊ खरंच चांगला आहे, हे मुद्दाम लिहितो. पण मृत्युपत्र करायचंच नाही ठरवलं तर नेमकं काय होतं, आणि केलं तर या चार ओळी पुरतात का? मला स्वतःला त्या वाचताना कुठेतरी खटकतंय, पण कुठे ते बोट ठेवून सांगता येत नाही.

वडाचीपारंबी

काका, खटकतंय ते कुठे हे मी सांगू शकते. आमच्या घरात अगदी हेच वाक्य होतं. "सर्व मालमत्ता पत्नीस." सुंदर अक्षर, दोन साक्षीदार, नोंदणी केलेलं, कशातच खोट नाही.

आई बाबांच्या सात महिने आधी गेली.

बाबा तेव्हा कुठल्याही कागदाला हात लावण्याच्या मनःस्थितीत नव्हते, आणि आम्हालाही तो विषय काढणं जड गेलं. बाबा गेल्यावर पाकीट उघडलं तर त्या मृत्युपत्रात देण्यासारखं कुणी उरलंच नव्हतं. वकिलांनी सांगितलं की ज्याला दिलंय तो आधीच वारला तर ते देणं गळून पडतं. म्हणजे मृत्युपत्र असून नसल्यासारखं. वाटणी कायद्याने, आम्हा तीन भावंडांत सारखी.

तुम्ही म्हणाल, मग बिघडलं कुठे? आत्या. बाबांची बहीण, लग्न केलं नव्हतं, जवळजवळ चाळीस वर्षं आमच्याच घरात होती. आम्हाला तिघांना तिने वाढवलंय. बाबा दहादा म्हणाले असतील, "ही कुठे जाणार, ही इथेच राहील." आईला सगळं मिळालं की आई तिला बघेल, हे त्यांनी गृहीत धरलेलं. कायद्याच्या यादीत मुलं असताना बहिणीचा नंबरच लागत नाही. आमच्यातल्या एकाला घर विकायचं होतं, त्याची गरजही खोटी नव्हती. शेवटी दोघांनी मिळून त्याचा वाटा घेतला, म्हणून आत्या आजही तिच्याच खोलीत आहे. पण त्या सहा महिन्यांत तिने कपाटातलं सामान ट्रंकेत भरून ठेवलं होतं. आम्ही कितीही सांगितलं तरी बाहेर काढेना. रोज सकाळी ट्रंक उघडून लागेल तेवढंच घ्यायची.

तुमचा मसुदा तुम्ही आधी जाणार असं धरून लिहिलाय. ते तुमच्या हातात आहे का?

जुनाकारकून

वकिलांच्या ऑफिसात एकतीस वर्षं काढली. वकील नाही, पण मृत्युपत्रं किती टंकली त्याची गणती नाही. तुम्हाला हिंदू वारसा कायदा लागू होतो असं धरून बोलतो. मुस्लिम असाल तर मृत्युपत्राने साधारण एक तृतीयांशाच्या पलीकडे देता येत नाही, ते गणितच निराळं.

आधी भावाच्या मुद्द्याचं बघू. मृत्युपत्र नसेल तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे तुमचा हिस्सा बायको, मुलगा, मुलगी आणि आई यांना सारखा, म्हणजे प्रत्येकी पाव. आईला लोक हमखास विसरतात. ती वर्ग एकची, म्हणजे सगळ्यात आधी हक्क असणाऱ्यांतली वारस आहे. पुढची पायरी बघा: आईंना तो पाव हिस्सा मिळाला आणि त्याही काही न लिहिता गेल्या, तर त्यांचा हिस्सा त्यांच्या मुलाबाळांत जातो. म्हणजे तुमचा भाऊ आणि जी काय भावंडं असतील ती, आणि तुमच्या जागी तुमची मुलं. तुमच्या फ्लॅटमध्ये भावाचं नाव. भाऊ चांगला असेलही हो, पण उद्या हक्कसोडपत्र करायचं तर त्याची सही लागणार, आणि तो हयात नसेल तर त्याच्या मुलांची.

आता तुमच्या चार ओळी.

पहिली आणि दुसरी एकमेकींच्या पायात पाय घालतात. "पत्नीस मिळावी" म्हणजे मालकी दिलीत. मालकी दिली की ती विकेल, कुणाला देईल, स्वतःचं मृत्युपत्र करेल. मग "तिच्या पश्चात मुलास" हे सांगणारे तुम्ही कोण? आणि तुमच्या मनात तिला फक्त हयातीपुरता हक्क द्यायचा असेल, तर त्यातही खाचखळगे आहेत. हिंदू वारसा कायद्याच्या कलम १४ मुळे बाईला मिळालेला मर्यादित हक्क कधी पूर्ण मालकीचा होतो आणि कधी होत नाही, यावर १९७७ च्या तुलसम्मा खटल्यापासून आजवर कोर्टात कीस पडतोय. त्या वादाचं पुढचं प्रकरण तुमच्या घरात लिहिलं जायला नको. काय द्यायचं ते एकदाच, निःसंदिग्ध द्या.

पारंबीताईंनी सांगितलं ते १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यातलं कलम १०५. त्याला एक अपवाद आहे, कलम १०९: देणं स्वतःच्या मुलाला किंवा मुलीला असेल, ते आधी वारले, पण त्यांच्या मागे मूलबाळ असेल, तर ते देणं गळत नाही. बायको, बहीण, भाचा यांना ही सवलत नाही. म्हणून प्रत्येक नावापुढे "ती माझ्याआधी वारल्यास, किंवा माझ्यानंतर तीस दिवसांच्या आत वारल्यास" असं पुढचं नाव लिहायचं. गाडीत दोघं बरोबर असतात, तेव्हा या तीस दिवसांची किंमत कळते. आणि शेवटी "वर न लिहिलेली व यापुढे मिळणारी इतर सर्व मालमत्ता" कुणाला, ही एक ओळ हवीच. ती नसली की राहून गेलेली एक ठेव परत वारसदारांच्या रांगेत जाते.

तिसरी ओळ सगळ्यात कच्ची. "मुलीने सांभाळ करावा" ही इच्छा झाली. ती कुणावर बंधनकारक नाही. मृत्युपत्राने पालक नेमता येतो तो अज्ञान मुलाला, आणि कायद्याच्या भाषेत अज्ञान म्हणजे अठराच्या आतला. तुमचा मुलगा २९ चा. त्याला अठरा पूर्ण झाली तेव्हापासून कायद्याने तुम्हीसुद्धा आपोआप पालक राहिलेला नाहीत. १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे, त्यात स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक आणि बहुविध दिव्यांगत्व येतं. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक स्तर समिती असते, ती प्रौढ माणसालाही कायदेशीर पालक नेमून देते. तुम्ही दोघं हयात असतानाच अर्ज करून घ्या. या पालकाला सहा महिन्यांच्या आत मालमत्तेची यादी द्यावी लागते आणि पुढे दरवर्षी हिशेब. कटकट वाटेल, पण तुम्ही नसताना कुणीतरी हिशेब मागणारं असणं बरं.

आणि तुम्हाला झोप न येण्याचं कारण, त्याची ती सही. फ्लॅट त्याच्या थेट नावावर करू नका. ट्रस्ट करा. १८८२ च्या कायद्याखालचा खाजगी ट्रस्ट, लाभार्थी मुलगा. मालकी विश्वस्तांकडे, उपयोग मुलाला. त्याच्या सहीने काहीच विकलं जात नाही. तो मृत्युपत्रातूनही निर्माण करता येतो, पण तुमच्या बाबतीत मी हयातीतच करा म्हणेन. कारण फ्लॅट अर्धा बायकोचा आहे. तुम्ही फक्त तुमच्या हिश्श्याचं मृत्युपत्र करू शकता. तुमच्यामागे वहिनी काही न लिहिता गेल्या तर त्यांचा हिस्सा मुलगा आणि मुलगी यांना निम्मा निम्मा, म्हणजे पुन्हा तुमच्या मुलाच्या थेट नावावर. म्हणून मृत्युपत्रं दोन हवीत, तुमचं आणि त्यांचं. ट्रस्ट आज लहानशा रकमेने सुरू करून ठेवा. तुमच्या मृत्युपत्रात "सर्व पत्नीस, ती नसल्यास या ट्रस्टला" आणि त्यांच्या मृत्युपत्रात तुमच्या नावाने तेच.

सरळसोट

एवढी उस्तवार कशाला? मुलगी चांगली आहे म्हणता ना, आत्ताच बक्षीसपत्र करून सगळं तिच्या नावावर करा. मोकळे व्हा. मृत्युपत्राला उद्या कुणीही आव्हान देतं.

जुनाकारकून

@सरळसोट, मोकळे होतील खरे. बक्षीसपत्र सहसा मागे घेता येत नाही, मृत्युपत्र मरेपर्यंत शंभरदा बदलता येतं. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात कलम २३ आहे, सांभाळाच्या अटीवर दिलेलं आणि सांभाळ केला नाही तर व्यवहार रद्द करून घेता येतो, पण त्यासाठी म्हातारपणी पोटच्या पोरीविरुद्ध अर्ज करायचा. आणि मुलगी कितीही चांगली असली तरी घर तिच्या नावावर झालं की तिची कर्जं, तिचे कोर्टकज्जे, तिच्या पश्चात तिचे वारस, सगळं त्या घराला येऊन चिकटतं. त्यात मुलाचं नाव कुठे आहे?

सायंफेरी

सगळ्यांचे आभार. पारंबीताई, तुमच्या आत्याची ती ट्रंक काही डोक्यातून जात नाही. आईच्या खोलीत दोनदा उगाचच डोकावून आलो.

जुनाकारकून यांचं वाचून एक उद्योग केला. सगळे कागद काढून नॉमिनी तपासले. सहकाऱ्याच्या भरवशावर मी निवांत होतो, पण प्रत्यक्षात हे निघालं: एका ठेवीला नॉमिनी माझे वडील, ज्यांना जाऊन अकरा वर्षं झाली. म्युच्युअल फंडाला भाऊ, कारण तो घेतला तेव्हा त्यानेच फॉर्म भरला होता आणि समोर जे नाव सुचलं ते लिहिलं. विम्याला मुलगा. हे तर मीच, मोठ्या प्रेमाने.

म्हणजे आज मी गेलो तर विम्याची रक्कम थेट त्याच्या खात्यात, आणि खात्याच्या चेकवर त्याची ती वळणदार सही. हे बदलतोय. पण नॉमिनी हा मालक की नाही, हे मला अजून नीट कळलेलं नाही.

जुनाकारकून

रखवालदार समजा. बँक, फंड, सोसायटी यांनी पैसे किंवा कागद कुणाच्या हातात द्यायचे एवढंच नॉमिनेशन सांगतं. पुढे त्याने ते वारसांना किंवा मृत्युपत्राप्रमाणे द्यायचे असतात. शेअर आणि फंडांबद्दलही सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०२३ मध्ये हेच स्पष्ट केलं. विम्यात मात्र २०१५ च्या दुरुस्तीपासून वेगळं आहे: नॉमिनी आईवडील, नवरा-बायको किंवा मुलं असतील तर पैसे त्यांचेच. तेव्हा विमा मृत्युपत्रात लिहून तुमच्या मनासारखा वळेल असं धरू नका, नॉमिनीच बदला. बँकेत १ नोव्हेंबर २०२५ पासून चार नॉमिनी देता येतात, एकामागोमाग एक असेही. तुमचे वडील नॉमिनी होते तसं पुन्हा होऊ नये म्हणून ही सोय वापरा. नॉमिनी आणि मृत्युपत्र यांत एकच नावं असली की निम्मी भांडणं जन्मालाच येत नाहीत.

धाकटीबहीण

बरेच दिवस नुसती वाचक आहे, आज लिहिते. काका, तुमच्या गोष्टीतली मुलगी मी आहे. माझा दादा ४४ वर्षांचा आहे. आईबाबा दोघंही गेले.

आमच्या मृत्युपत्रातही ती ओळ होती. "मुलीने सांभाळ करावा." मला ती बाबांच्या तेराव्यानंतर कळली, वकिलांच्या टेबलावर, मोठ्या काकांच्या देखत. मी दादाला नक्कीच सांभाळलं असतं आणि सांभाळतेच आहे. पण कुणी विचारलं नव्हतं. जन्मभर सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. माझं लग्न ठरताना ते धरलं होतं, मी दुसऱ्या शहरातली नोकरी नाकारली तेव्हाही ते धरलं होतं. त्या एका ओळीचा मला इतका राग आला की मी दोन दिवस दादाशीही नीट बोलले नाही. त्याला काही कळलं नाही. तो नेहमीसारखा दाराशी चपला जोडून ठेवत राहिला.

व्यवहाराचं सांगायचं तर, बाबांनी पैसे सगळे माझ्या नावावर ठेवले, "दादासाठी". कुठेही लिहिलेलं नाही की दादासाठी. आता दादाला फिजिओथेरपीला न्यायचं, माणूस ठेवायचा, प्रत्येक खर्चाला मला वाटतं की माझे सासरचे काय म्हणतील, आणि खर्च केला नाही तर वाटतं दादाचं खातेय. तुम्ही मुलीला विश्वस्त केलंत तर एकटीला करू नका. आणि दादाच्या नंतर उरलेलं ज्याला मिळणार आहे त्याच्या एकट्याच्या हातात खर्चाची किल्ली नको. तो माणूस वाईट असतो म्हणून नाही, त्याला रोज स्वतःला तपासत बसावं लागतं म्हणून.

आणि तिला आधी विचारा. तिने नाही म्हटलं तर ते ऐकून घ्यायची तयारी ठेवून विचारा.

सायंफेरी

ताई, तुमचा प्रतिसाद बायकोला वाचून दाखवला. ती काही बोलली नाही, उठून गेली. रविवारी मुलीला फोन करायचं ठरलंय.

जुनाकारकून

तोवर सही-साक्षीचं सांगून ठेवतो, कारण चांगले मसुदे इथेच मरतात.

साधा कागद चालतो, स्टॅम्प पेपर लागत नाही. हाताने लिहिलेलंही चालतं. १९२५ च्या त्याच उत्तराधिकार कायद्याच्या कलम ६३ प्रमाणे तुमची सही आणि किमान दोन साक्षीदार. प्रत्येक साक्षीदाराने तुम्हाला सही करताना पाहिलेलं असावं किंवा ही सही माझीच असं तुम्ही त्याला स्वतः सांगितलेलं असावं, आणि त्याने तुमच्या समोर सही करावी. आत काय लिहिलंय हे त्याला कळायची गरज नाही. प्रत्येक पानावर सही करा, तारीख आणि ठिकाण घाला. नंतर पेनाने खाडाखोड नाही. तशी खाडाखोड पुन्हा साक्षीदारांसह केल्याशिवाय धरतच नाहीत. बदल मोठा असेल तर नवीनच करा आणि त्यात "यापूर्वीची सर्व मृत्युपत्रे रद्द" हे लिहा.

ज्याला काही मिळणार आहे त्याला किंवा त्याच्या जोडीदाराला साक्षीदार करू नका. मृत्युपत्र लिहून घेण्यात, गाडीने न्यायला, वकील शोधायला लाभ मिळणारा माणूस फार पुढे पुढे असला की कोर्ट संशयाने बघतं, आणि संशय दूर करायचं ओझं मृत्युपत्र पुढे करणाऱ्यावर येतं. १९५९ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालापासून हेच चालत आलंय. तुम्ही ६३ चे आहात, तरी सहीच्या दिवशीचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोडा. नोंदणी सक्तीची नाही, पण करा. नोंदणी म्हणजे अभेद्य कवच नव्हे, निदान कागद हरवत नाही आणि मागाहून घुसडलाय असं कुणी म्हणत नाही.

आणि साक्षीदार तरुण घ्या. वाद झाला तर हयात असलेल्या निदान एका साक्षीदाराला कोर्टात येऊन सांगावं लागतं. आमच्याकडे एका गृहस्थांनी आपले दोन जिवलग मित्र घेतले होते, दोघंही त्यांच्याहून वयाने मोठे. गृहस्थ ९१ पर्यंत जगले. मग साक्षीदाराचं हस्ताक्षर शाबीत करायला त्याची जुनी सही हवी. शोधून शोधून ती मिळाली एका वाचनालयाच्या नोंदवहीत, परत न केलेल्या पुस्तकासमोर.

आईंचं राहिलं. आईला मालकीचा हिस्सा देऊ नका, वर सांगितलं तो पाव हिश्श्याचा प्रवास सुरू होतो. त्यापेक्षा घरात हयातभर राहण्याचा हक्क आणि औषधपाण्याचा, मदतनिसाचा खर्च कुठल्या ठेवीतून करायचा ते नाव घालून लिहा. १९५६ च्या दत्तक व पोटगी कायद्याने अवलंबून असलेल्या आईला, मालमत्ता ज्याच्याकडे गेली त्याच्याकडून पोटगी मागता येते. पण ८६ व्या वर्षी ती मागायची वेळ का आणायची?

सायंफेरी

तीन आठवड्यांनी लिहितोय.

मुलीशी बोललो. फोनवर नाही, ती इथे आली. मी भाषण तयार केलं होतं, तिने दुसऱ्याच वाक्याला थांबवलं. म्हणाली, "बाबा, मी रोजचं करू शकणार नाही. माझ्या घरी तो राहू शकणार नाही, त्याला इथली बटणं माहीत आहेत. पण हिशेब मी बघेन, आणि महिन्यातून एकदा येऊन त्याच्याजवळ राहीन. हे मी लिहून देते." एकोणतीस वर्षांत हे आम्ही पहिल्यांदा बोललो. त्यात तिने काय काय कबूल केलं त्यापेक्षा काय नाकारलं ते ऐकून मला जास्त हलकं वाटलं. का ते विचारू नका.

ठरलंय ते असं. ट्रस्ट आम्ही हयातीतच करतोय. विश्वस्त तिघं: मुलगी, माझा पुतण्या (हो, त्याच चांगल्या भावाचा मुलगा), आणि मुलाच्या जुन्या शाळेतल्या एक शिक्षिका, ज्यांना आमच्याकडून काहीही मिळणार नाही. एकजण कमी झाला तर उरलेल्या दोघांनी तिसरा नेमायचा. फ्लॅट मुलगा असेपर्यंत विकायचा नाही, त्याला तिथे राहणं अशक्य झालं तरच, आणि तेही तिघांच्या सहीने. त्याच्या पश्चात उरेल ते नातीला. बायको पण तिचं स्वतंत्र मृत्युपत्र करतेय. तिने त्यात दोन गोष्टी घातल्या ज्या मला माहीतच नव्हत्या, तिच्या माहेरून आलेल्या, आणि त्या कुणाला द्यायच्या ते मला वाचू दिलेलं नाही. ठीक आहे.

आईला सांगितलं की तुझ्या खोलीचं कागदावर लिहिलंय. ती म्हणाली, "मेल्या, मी तुझ्या आधी जाणार." मी म्हटलं, तेही लिहिलंय.

पालकत्वाचा अर्ज भरलाय. साक्षीदार मिळाले, दोघंही चाळिशीच्या आतले, शेजारच्या इमारतीतले.

वकिलीणबाईंनी आणखी एक सुचवलं. मृत्युपत्राला न जोडता, बंधनकारक नसलेली एक वही. त्यात मुलाबद्दल सगळं लिहायचं, म्हणजे जो कुणी त्याच्याजवळ राहील त्याला पहिल्या दिवसापासून माहीत असेल. डॉक्टर कोण, गोळ्या कुठल्या इथून सुरुवात केली, पण मग वहीच थांबेना. दुखलं तर सांगत नाही, कान धरून बसतो. केस कापायला नेण्याच्या आदल्या दिवशी सांगावं, त्या दिवशी सांगू नये. दिवे गेले तर घाबरत नाही, पण दिवे आल्यावर सगळी बटणं पुन्हा तपासू द्यावीत. मी अठ्ठावन्न ओळी लिहिल्या आणि वही टेबलावर ठेवली.

काल सकाळी बघितलं तर खाली बायकोच्या अक्षरात एकोणसाठावी होती: "त्याला सही करायला आवडते. रोज वर्तमानपत्राच्या कडेला करू द्यावी. कोऱ्या कागदावर नको."